बसच्या वाटेनं

"तुम्ही तरी बाहेर जा, नाहीतर मी जाते," काकू एके दिवशी तात्यांना म्हणाल्या.

तात्या निवृत्त होऊन महिना झाला होता. निरोप समारंभात साहेबांनी सांगितलं होतं, "आता नुसता आराम करा." म्हणून तात्या इमानेइतबारे आराम करायला बसले. पण आराम हे भलतंच अवघड काम निघालं. जन्मभर बस चालवलेला माणूस. सोफ्यावर बसूनही त्यांचा उजवा पाय मधूनच ब्रेक दाबायचा. काकू चहा घेऊन वळल्या की म्हणायचे, "डावीकडून ये."

शेवटी दोघांनीही बाहेर पडायचं ठरलं. काकूंच्या धाकट्या बहिणीकडे जेवायला. घरची छोटी गाडी निघाली आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्याशी अलगद कडेला लागली.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. पाय आपोआप पडला."

तात्या पुन्हा गिअर टाकणार, तोच मागचं दार उघडलं आणि एक आजीबाई पिशवीसकट आत येऊन बसल्या. बसची वाट बघून त्यांचे पाय भरून आले होते. नजर अधू, पण तात्यांना त्यांनी बरोबर ओळखलं.

"आज गाडी लहान आणलीत, ड्रायव्हरदादा? बरं केलंत. चढायला सोपी."

"आजी, ही बस नाही."

"दिसतंय हो मला. दवाखान्याशी सोडा."

काकूंनी डोळे वटारले. तात्या पुटपुटले, "दवाखाना वाटेतच आहे."

"आपल्या वाटेत नाही."

"बसच्या वाटेत आहे."

पुढच्या थांब्याला अजिबात थांबायचं नाही, असं तात्यांनी मनाशी पक्कं केलं. पण तिथे आजीबाईंची मैत्रीण उभी होती. आजीबाईंनी काचेवर टकटक केली, आणि टकटक झाली की थांबायचं हे तात्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. मैत्रीण आली. तिच्यामागून एक शिंपी आला, काखेत बायकांचे कपडे चढवायचा बिनडोक्याचा पुतळा घेऊन.

"बसमध्ये हिला कोणी घेत नाही हो," तो पुतळ्याकडे बोट दाखवत अजिजीनं म्हणाला.

शिंपी मागे कसाबसा मावला. पुतळा काकूंच्या मांडीवर आला.

"मागे सरका जरा, दार लागत नाहीये," काकू बोलून गेल्या आणि आपण कंडक्टरसारखं बोललो हे कळताच त्यांनी जीभ चावली.

चौकात पोलिसानं हात दाखवला. आत डोकावून म्हणाला, "प्रवासी भरता काय?"

तात्या खिशात लायसन्स शोधू लागले. आयुष्यात एकदाही त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

"छे, सगळी घरचीच माणसं आहेत," काकू शांतपणे म्हणाल्या.

"आणि ही?"

"माझी नणंद."

"हिला डोकं नाहीये."

"तेच तर मी इतकी वर्षं सांगतेय."

पोलिसानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे गदगदत होते. त्यानं न बघताच हातानं 'जा' अशी खूण केली. आपल्या सख्ख्या बहिणीविषयी बोलणं चाललंय हे तात्यांना कळलं, पण वेळ वाद घालायची नव्हती.

दवाखान्याशी आजीबाई मैत्रिणीसोबत उतरल्या. तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उद्या पायाची पट्टी बदलायचीय. याल ना?"

तात्यांनी चोरून काकूंकडे पाहिलं. काकू मात्र पायऱ्या चढणाऱ्या दोघी म्हाताऱ्यांकडे बघत होत्या.

"येतील," त्या म्हणाल्या. "पण पुढची सीट माझी."

शिंप्याला पुतळ्यासकट दुकानाशी सोडून बहिणीकडे पोचेपर्यंत जेवण गार झालं होतं आणि बहीण गरम. तात्या दोनदा वाढून घेऊन जेवले. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आता कुठे ड्यूटी आहे, म्हणून त्यांनी कूस बदलली. तेवढ्यात अंगणातून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. तात्या खिडकीशी आले. गाडीत मागे कालच्या दोघी, शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेले एक अनोळखी आजोबा. काकू कोपऱ्यावरच्या थांब्यावरून सगळ्यांना हाताला धरून घेऊनच आल्या होत्या. आता पुढच्या सीटवरून वाकून त्यांनी हॉर्नवर हात ठेवला होता.

तात्या शर्टाची बटणं लावत धावले.

"निवृत्त झाला की माणूस ढिला पडतो बघा," काकू आजीबाईंना सांगत होत्या. "इतकी वर्षं नोकरी केली खरी, पण माझ्या हाताखाली कुठे केली होती?"