विरोधी वक्त्याची दाढी

दाढी फक्त एकदा लावून बघायची, एवढंच माझं ठरलं होतं. आरशासमोर दोन मिनिटं उभं राहायचं, कशी दिसते ते बघायचं आणि काढून ठेवायची. (बहुतेक संकटं 'नुसतं बघू तर खरं' असं म्हणूनच सुरू होत असावीत. निदान माझ्या घरातली तरी.)

पण दाढी मुळात माझ्या घरात शिरली कशी, ते आधी सांगायला हवं. कारण मी नास्तिक आहे. हौशी नाही, चांगला मुरलेला. आमचं एक नास्तिक मंडळ आहे आणि मी त्याचा चिटणीस. सभासद मोजके, मतभेद भरपूर. त्या रविवारी संध्याकाळी मंडळात एक वादविवाद ठेवला होता. विषय होता 'निधर्मी माणसाने ख्रिसमस साजरा करावा का?' 'मुळीच करू नये' या बाजूनं मी बोलणार होतो. 'करावा' या बाजूनं बोलायला काही केल्या कोणी मिळेना. शेवटी माझी बायको उभी राहिली.

बायको नर्स आहे. देव ती माझ्याइतकाच मानत नाही, पण तिला त्याचा त्रास होत नाही. मला होतो. घरात कोणी 'देव जाणे' म्हणालं तरी मी 'कोण जाणे' अशी दुरुस्ती करतो. आमच्या सहा वर्षांच्या टिंगीला यंदा एक छोटंसं झाड हवं होतं, शेंड्यावर चांदणी लावलेलं. मी तिला समोर बसवून समजावलं, की ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती आपण साजरी करायची नसते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग दरवर्षी ऑफिसातला ख्रिसमसचा केक का खातोस, असं विचारलं. मी म्हटलं, "केक आहे यावर माझा विश्वास आहे."

बायको ते ऐकत होती. दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं वक्त्यांमध्ये आपलं नाव दिलं.

आता ऑफिस. मी घरगुती यंत्रांच्या वापरपुस्तिका लिहितो. 'वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय, की माझी सही म्हणून चालेल. सोमवारी आमच्याकडे ख्रिसमसची पार्टी होती आणि सांता कोणी व्हायचं यावर आठवडाभर खल चालला होता. मॅनेजरबाईंनी खूप विचार करून मला निवडलं. त्यांचं म्हणणं असं, की एका धर्माच्या माणसाला सांता केलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल. मी झालो तर वाईट फक्त मलाच वाटेल. या युक्तिवादात मला खोट सापडली नाही, म्हणून मी सांताच्या कपड्यांची आणि दाढीची पिशवी घेऊन घरी आलो आणि ती कपाटावर लपवून ठेवली.

रविवारी दुपारी बायको आणि टिंगी शेजारी गेल्या होत्या. मी भाषणाचा सराव करत होतो आणि अचानक मला ती कल्पना सुचली. (मला अचानक सुचलेल्या कल्पनांविषयी बायकोला वेगळं भाषण करता येईल.) व्यासपीठावर दाढी लावूनच जायचं. भाषण रंगत न्यायचं आणि ऐन शेवटी 'हा सगळा उत्सव असाच खोटा आहे' म्हणत दाढी उपटून सभेपुढे फेकायची. मला नुसत्या विचारानंच टाळ्या ऐकू यायला लागल्या.

पिशवी खाली काढली, दाढी चढवली, तर तिचं इलॅस्टिक तुटलं. आता भाषण तोंडावर आलेलं. मी खण उचकला. बुटांचे तळ चिकटवायची ट्यूब सापडली. त्यावर मोठ्या अक्षरांत 'मजबूत' असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत बरंच काही. बारीक अक्षरं कोण वाचतो? मी लिहिणारा माणूस, मला ठाऊक आहे कोणीच वाचत नाही.

दाढी फार सुंदर बसली. मी आरशात पाहिलं, भुवया उडवल्या, एक-दोन वाक्यं म्हणून पाहिली. मग काढायला गेलो, तर दाढीबरोबर मीच पुढे आलो.

बायको आली तेव्हा मी बेसिनमध्ये तोंड घालून उभा होतो. तिनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं, ट्यूब वाचली आणि अगदी वॉर्डातल्या आवाजात सांगितलं, की ओढलं तर कातडी येईल, तेल लावत राहिलं तर उद्यापर्यंत आपोआप सुटेल. मग वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून ती बाल्कनीत गेली. दोरीवर एकही कपडा नव्हता. ती बराच वेळ आत आली नाही आणि दारामागून हुंदक्यांसारखे आवाज येत राहिले. ते हुंदके नव्हते.

तेवढ्यात टिंगी समोर उभी राहिली. कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, स्वतः तपासून बघायचं, हे मीच तिला शिकवलंय. सांता खोटा असतो, दाढी ओढली की हातात येते, असं तिनं माझ्याच भरवशावर सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. तिनं दाढी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग माझ्या गुडघ्यावर पाय रोवून ओढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दाढी जागची हलली नाही. टिंगी मागे सरकली आणि गप्प झाली. तिच्या त्या गप्प बसण्याची मला दाढीपेक्षा जास्त भीती वाटली. पुरावा समोर आला की असंच शांतपणे विचार करायचा, हेही मीच शिकवलं होतं.

मफलर गुंडाळून आम्ही तिघं सभेला निघालो. दाढी मफलरच्या वरून आणि खालून बाहेर येत होती. बसमध्ये एका आजींनी न विचारता आपला नातू माझ्या मांडीवर ठेवला आणि फोटो काढून घेतला.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांनी मला पाहून, युक्ती छान आहे, योग्य वेळी काढा, असं हळूच सांगितलं. मी भाषणाला उभा राहिलो. ख्रिसमस हा निव्वळ देखावा आहे, एवढं म्हणेपर्यंत पहिली रांग हसू लागली. आपण अशा सोंगांना बळी पडता कामा नये, म्हणालो तर मागची रांगही. मिशांचा कापूस तोंडात जात होता. मला घाम फुटला आणि घामानं तरी गोंद सुटेल या आशेनं मी भाषण लांबवलं. काही सुटलं नाही. पाठ केलेलं पुढचं वाक्य मात्र सवयीनं तोंडातून सुटलं.

"आणि ही खोटी दाढी मी आता आपल्यासमोर काढून फेकतो."

सभा श्वास रोखून बसली. मी उभाच. अध्यक्षांना माझी दया आली असावी. ते उठले, जवळ आले. ओढून काढणं हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. "अजिबात दुखणार नाही," ते म्हणाले आणि माझी मान बगलेत धरून त्यांनी असा काही हिसका दिला, की माझ्या किंकाळीला सभेनं उभं राहून टाळ्या दिल्या. दाढी जागच्या जागीच होती.

मग बायको बोलली. थोडंच बोलली. गेल्या ख्रिसमसला तिची ड्यूटी होती. खिडकीशी झोपलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटनं पलंगाला रंगीत दिव्यांची माळ लावायला सांगितली, ती तिनं लावली. त्यानं तिला तू कोण, काय मानतेस असं विचारलं नाही, तिनंही त्याला विचारलं नाही. माळेचा उजेड पडल्यावर सगळा वॉर्ड उशांना टेकून उठून बसला.

"माझा विश्वास तेवढ्यावर आहे," ती म्हणाली. "लोक उठून बसतात यावर. आणि आज दुपारी मी बाल्कनीत जेवढं हसले, तेवढं वर्षभरात हसले नव्हते. माझे विरोधक कितीही नाही म्हणोत, आमच्या घरात ख्रिसमस साजरा झालेला आहे."

मतदान झालं. तिच्या बाजूनं सगळे हात वर गेले. माझाही गेला. (मी दाढी खाजवत होतो, पण अध्यक्षांनी तो हात मोजला.)

सभा संपता संपता टिंगी खुर्चीवर उभी राहिली. आपण प्रयोग केला आहे, दाढी तीनदा ओढली आहे, अध्यक्षांनीही ओढली आहे, तेव्हा हे खरे सांता आहेत, असं तिनं जाहीर केलं. अध्यक्षांनी कौतुकानं वाकून विचारलं, की हे जर खरे सांता असतील, तर मग तुझे बाबा कुठे गेले?

टिंगीनं माझ्याकडे नीट पाहिलं. बराच विचार केला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण आज नका शोधू. हे बरे आहेत."