ऑइलपेंटचं भूत

शनिवारपर्यंत एक तरी माणूस किंचाळत बाहेर आला पाहिजे, नाहीतर घरी बसा, असं मॅनेजरने जावईबापूंना बजावलं होतं. आठ महिने घरीच बसून झाल्यावर मिळालेली नोकरी होती, बागेतल्या भुताच्या घरात भूत होण्याची, आणि तीही धड जमेना. सगळा दोष मुखवट्याचा. लॅटेक्सचा, स्वस्तातला, हिरवागार. परवा एका बाईने त्या भुतालाच बाहेर जायचा रस्ता विचारला होता.

"नवीन मागा की," बायको म्हणाली.

"मागितला. म्हणाले, घरी नेऊन रंगवा."

रंगाचं नाव निघताच कोपऱ्यातल्या खाटेवर सासरे उठून बसले. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्यांनी ब्रशला हात लावला नव्हता आणि घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. ते म्हणाले, "आणा इकडे." लेकीला काय करू नि काय नको असं झालं.

"बाबा, पिशवीवर लिहिलंय, पाण्याचे रंग वापरा," जावईबापू म्हणाले.

"पाण्याचे रंग शाळेत. आपण ऑइलपेंटवाले."

आणि ऑइलपेंट म्हटलं की टर्पेंटाइन आलंच. ते लागलं आणि रबर फुगून मऊ पडलं. डावा गाल लोंबला, ओठाचा कोपरा घसरला, एक डोळा अर्धा मिटला. रंग काही केल्या वाळेना. दोन दिवस पंख्याखाली ठेवला तरी चिकट तो चिकटच. शेवटी बायकोने वर अख्खा डबा पावडर ओतली आणि मुखवटा पांढराफटक पडला.

तिघं बघतच राहिले.

"आई," बायको हळूच म्हणाली.

अर्धांगाचा झटका आल्यानंतरच्या सासूबाई, हुबेहूब. सासरे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले ते जेवायलाही उठले नाहीत. जावईबापूंना फार वाईट वाटलं, पण शनिवार उजाडला होता. त्यांनी मुखवटा पिशवीत घातला.

त्या दिवशीही कुणी किंचाळलं नाही. लोक मुखवटा पाहून गप्प व्हायचे. एकाने तर बसायला खुर्ची आणून दिली.

"ही शेवटची रांग," सहा वाजता मॅनेजर म्हणाला. "उद्यापासून येऊ नका."

त्या रांगेत सगळ्यात पुढे सासरे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात तिकीट. ते मुखवट्यासमोर येऊन थांबले.

"मी चहा प्यायला खाली गेलो होतो गं," ते म्हणाले. "पाचच मिनिटं. तेवढ्यात तू गेलीस. नर्स सांगायला आली तेव्हा कप हातातच होता माझ्या."

जावईबापूंना भडभडून आलं. मुखवटा काढून 'बाबा, मी आहे' म्हणावं, तर घामाने तो गालांना घट्ट चिकटलेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते बारीक आवाजात म्हणाले, "हरकत नाही."

सासरे ओक्साबोक्शी रडू लागले. दोन वर्षांचं रडणं होतं ते. त्या अंधाऱ्या पत्र्याच्या खोलीत ते असं काही घुमलं की मागची अख्खी रांग किंचाळत, एकमेकांना तुडवत बाहेर पळाली. कुणाची तरी चप्पल आतच राहिली.

"नोकरी पक्की," मॅनेजर खूश होऊन म्हणाला. "पण त्या आजोबांना रोज आणायचं."

घरी बायको तेल लावून मुखवटा सोलून काढत होती. जावईबापूंनी चाचरत विचारलं, "बाबा, उद्या याल?"

"येतो की. पुष्कळ बोलायचंय तिच्याशी. फक्त तुम्ही मध्ये बोलू नका."

"काही चुकलं का माझं?"

"म्हणे हरकत नाही! बेचाळीस वर्षांत ती एकदाही असं म्हणाली नाही. तिने आधी विचारलं असतं, चहात साखर किती घातली होती."

"किती घातली होती?" लेकीने विचारलं.

सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट उतरवून खुंटीला नीट अडकवला.

"ते उद्या तिलाच सांगतो," ते म्हणाले.