नेटवर्कवाल्यांचा हातगुण

"किचनमधलं नेट का चालत नाही?" बायकोने विचारलं.

"चालतंय. किचनला वेगळा इंटरफेस दिलाय, म्हणजे नेटचं स्वतंत्र दार. तिथून हॉलमध्ये यायचं तर परवानगी लागेल."

"मला हॉलमध्ये यायला परवानगी?"

"तुला नाही गं, तुझ्या फोनला."

निवृत्त होऊन नेटवर्कवाल्यांना दोन वर्षं झाली होती. ऑफिसने भंगारात काढलेला चोवीस पोर्टांचा स्विच, म्हणजे तारांनी नेट वाटणारा डबा, त्यांनी परवाच भंगारवाल्याकडून मांडीवर घेऊन घरी आणला होता. ऑफिसात हिशेब विभाग, गोदाम, साहेबांची केबिन अशा प्रत्येकाला त्यात स्वतःचा पत्ता असे. तीच शिस्त त्यांनी तीन खोल्यांच्या घराला लावली. स्विचचा पंखा घरघरू लागला आणि त्यांना पुन्हा आपल्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. खरं तर त्यांना तो आवाजच हवा होता.

त्या दिवशी पाच वाजता लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा होता. नात दहा दिवसांची झाली, तरी फोटो सोडले तर आजी-आजोबांनी तिला पाहिलं नव्हतं. ती पाच ते सव्वापाच एवढाच वेळ जागी असते, असं लेकीने बजावलं होतं. मोबाइलचं नेट तर घरात फिरकतही नसे.

सव्वाचारला नेटवर्कवाल्यांना आठवलं, की साहेबांच्या केबिनच्या पत्त्याच्या शेवटी दहा होते. मग आपल्या हॉलच्या शेवटी सत्तेचाळीस का म्हणून? मोठ्या हौसेने त्यांनी पत्ता बदलला आणि एंटर दाबलं. लॅपटॉप गप्प झाला. ज्या पत्त्यावरून ते स्विचमध्ये शिरले होते, तोच त्यांनी उडवला होता. बसल्या फांदीवरच कुऱ्हाड! नव्या पत्त्यावरून शिरावं, तर घाईत भलताच आकडा पडलेला, आणि कोणता ते देव जाणे. अख्ख्या घराचं नेट गेलं.

"झालं?" बायकोने विचारलं.

"होतंय."

"साडेचार वाजलेत," तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

ते घड्याळ साधंसुधं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी अशाच घोळाने ऑफिस बंद पडलं होतं. नेटवर्कवाले गोदामात केबल शोधायला गेले, हात हलवत परत आले, तर सगळं सुरू! "तुमच्या हाताला गुण आहे," म्हणत साहेबांनी भर सभेत हे घड्याळ दिलं. गुण कसा आला ते त्यांनाही कळलं नव्हतं, पण मिळालेलं घड्याळ कोण परत करतो?

"ते डबडं काढा आणि तार सरळ जोडा."

"राउटरलाही त्याच्याच शिस्तीत बसवलंय. तो आता माझंही ऐकत नाही."

"अगदी तुमच्यावर गेलाय."

अशा वेळी थेट स्विचच्या पोटात लावायची एक निळी केबल असते. ती त्यांनी निवृत्तीच्या दिवशी सही करून जमा केली होती. त्यांनी ऑफिसात फोन लावला.

"मी नेटवर्कवाला बोलतोय."

"कुठल्या कंपनीतून?"

"अहो, आपल्याच! चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळ बसायचो."

"चौथा मजला भाड्याने दिलाय, काका."

फोन ठेवला, तरी चौथा मजला डोळ्यांपुढून हलेना. ती खिडकी, टेबलाखाली पायांना लागणारी स्विचची गरम हवा, रोज दुपारी येणारा बायकोचा "जेवलात का?" असा फोन. सगळंच भाड्याने गेलं होतं.

पावणेपाचला बायको इस्त्री घेऊन आली. "सरका जरा. नात पहिल्यांदा बघणार, तिला चुरगळलेली आजी दाखवू का?"

"दुसरा प्लग नाही का?"

"हाच सोयीचा आहे." तिने स्विचचा प्लग उपटला.

"अगं, काय केलंस!"

घरघर थांबली. दोन मिनिटांनी तिने प्लग परत लावला. पंखा फिरला, दिवे लुकलुकले आणि एकेक करून हिरवे झाले. लॅपटॉपही जागा झाला. नेटवर्कवाल्यांनी कपाळावर हात मारला. नवा पत्ता त्यांनी सेव्ह केलाच नव्हता! वीज जाताच स्विच तो विसरला आणि जुन्या पत्त्यावर परत आला.

पाचला नात दिसली. मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या.

"अगदी बाबांसारखी बघते," लेक म्हणाली. दोघं हसता हसता डोळे पुसत राहिली.

कॉल संपल्यावर नेटवर्कवाल्यांनी इस्त्री उचलली. ती गारच होती. वायरही गुंडाळलेली.

"इस्त्री केलीच नाहीस?"

"नाही."

"मग प्लग कशाला काढलास?"

बायकोने त्यांच्या हातातून इस्त्री काढून घेतली. "तुमच्या निरोपाच्या दिवशी फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, 'ताई, घड्याळ मिळालं त्या दिवशी हे नेटवर्कवाले साहेब गोदामात गेले ना, तेव्हा माझं मशीन लावायला त्या डब्याचा प्लग मीच काढला होता. परत लावला, तर सगळं सुरू! नोकरी जाईल म्हणून बोलले नाही.'"

नेटवर्कवाले खुर्चीत टेकले. "आणि तू दोन वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही घड्याळ उतरवलं असतंत. मला आवडतं ते तिथे."

नेटवर्कवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते तिथेच राहू दिलं. मग त्यांनी लॅपटॉप उघडला, किचनला हॉलमध्ये यायची परवानगी दिली, आणि या वेळी आठवणीने सेव्ह केलं.