शोभेची अवतरणचिन्हं

लिहिण्यातलं मला सगळं कळतं, असं मी परवापरवापर्यंत चारचौघांत सांगत असे! शाळा आठवीत सुटली. पुढचं मी दुकानांच्या पाट्या आणि पावाच्या पिशव्या वाचून शिकले. म्हणून तर मिनेसोटातल्या आमच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळता सांभाळता दारातला अक्षरं लावायचा फलकही माझ्याकडे आला.

यंदा टॉलेफ्सनबाई निवृत्त होणार होत्या. एकतीस वर्षं पाचवीला इंग्रजी शिकवलं त्यांनी. नाम, क्रियापद, विरामचिन्हं. अख्खं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, एक मी सोडून. मी लग्न होऊन इथं आले. पण फलकावरची माझी पहिली चूक त्यांनीच, कुणाला न सांगता, शिडीवर चढून दुरुस्त केली होती. त्यांचा निरोप झोकात व्हायलाच हवा होता.

मी लिहिलं:

"लाडक्या" टॉलेफ्सनबाई "स्वखुशीने" निवृत्त होत आहेत. शुक्रवारी "जेवायला" या!

महत्त्वाच्या शब्दांना अवतरणचिन्हं, नाताळच्या खोक्याला फीत बांधावी तशी. पावाच्या पिशवीवर "ताजा" असंच तर असतं.

त्याच दुपारी हार्डवेअरवाल्या वेंडेलनं मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं, बाईंना कोण हाकलतंय? बुधवारी चर्चमध्ये, बाईंना ठेवून घ्या म्हणून, सह्या गोळा व्हायला लागल्या. पोस्टात दोघीजणी मला बघून गप्प झाल्या. मला वाटलं, गावाला किती वाईट वाटतंय बाई जाताहेत म्हणून.

शुक्रवारी हॉल भरला, पण ज्याच्या त्याच्या हातात झाकलेलं भांडं. ओव्हनमध्ये भाजलेल्या, इकडच्या बटाट्याच्या हॉटडिशचीच सत्तावीस! मी इकडे दीडशे माणसांचं रांधून बसलेली. वेंडेलला विचारलं तर तो बुटांकडे बघत म्हणाला, "ग्वेन, पाटीवर तूच लिहिलंस ना? आम्हाला वाटलं, जेवण नावापुरतंच असेल."

तेवढ्यात टॉलेफ्सनबाई आल्या. येणारच नव्हत्या म्हणे. नाक लाल झालेलं. सरळ माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"ग्वेन, एकच सांग. मी लाडकी आहे, की..." दोन्ही हातांची दोन दोन बोटं त्यांनी हवेत वाकडी केली. "...'लाडकी'?"

"त्यात फरक काय, बाई?"

"दुसरी नुसती म्हणायला असते."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. "बाई, ते चिमटे मी शोभेला लावलेत हो."

बाई जवळची खुर्ची ओढून बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तिथेच, रोजचे पदार्थ लिहायच्या फळ्यावर, त्यांनी आयुष्यातला शेवटचा तास घेतला. विद्यार्थिनी एकटी मी; बाकी गाव हॉटडिश खात बघत होतं.

सोमवारी त्यांचं पत्र आलं. 'ग्वेन, तुझ्या "सुंदर" फलकाबद्दल आभार. जेवण फार छान होतं.'

फ्रिजवर लावलंय मी ते. फलकाला चिमटे आहेत, जेवणाला नाहीत. म्हणजे एका विषयात तरी पास झाले म्हणायची.