खाट विकणे आहे, रुग्णासह यावे

जुनी वस्तू विकणारा माणूस प्रामाणिक असतो आणि विकत घेणारा लबाड असतो, हे आता सर्वमान्य आहे. (आपण स्वतः विकत घ्यायला निघालो की हा नियम तेवढ्यापुरता उलटा होतो.) मीरा-भाईंदरमधल्या हाटकेशच्या आमच्या इमारतीत बत्तीस फ्लॅट आहेत. त्यांतले एकतीस ऑनलाइन विक्रीत फसता फसता वाचलेले आहेत. बत्तिसावा बंद असतो.

अशा काळात माझ्या समोरच्या दारातल्या हरिश्चंद्र परुळेकरांनी आपल्या आईची खाट ज्या दक्षतेने विक्रीला काढली, तिची नोंद कुठेतरी व्हायला हवी. खाट दवाखान्यात असते तशी, लोखंडी; हँडल फिरवलं की डोक्याकडची किंवा पायाकडची बाजू वर होते. आई मार्चमध्ये गेल्या. परुळेकर एका विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या आजारपणावर विश्वास ठेवला नाही, आणि तेही ऑफिसच्या वेळेतच. निवृत्तीनंतर वेळेचं बंधन राहिलं नाही.

जाहिरात टाकल्यावर तासाभरात एका गृहस्थाने खाट न बघताच पूर्ण पैसे देऊ केले. ते मिळवण्यासाठी परुळेकरांनी एक कोड स्कॅन करून पिन टाकायचा होता. परुळेकरांनी त्याला ओळखलं आणि ब्लॉक केलं. ते तिथेच थांबले असते तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण त्यांनी चौदा कलमांची कार्यपद्धती तयार केली. पैसे जमा झाले की नाही ते समोरच्याच्या मेसेजवर न जाता आपल्या खात्यात स्वतः बघावं, हे कलम अतिशय योग्य होतं. (ते अकरावं होतं. तिथपर्यंत कोणी पोचलं नाही.) दहावं कलम असं: खाट ज्याच्यासाठी घ्यायची, त्या रुग्णाची प्रत्यक्ष पडताळणी केली जाईल.

नंतर फोन आला चौक नावाच्या कोळीवाड्यातल्या धाकूचा. तो बोटीवर जातो. त्याची आई इंदूबाई धक्क्यावर घसरली, नडगीचं हाड मोडलं, आणि पाय सहा आठवडे उंचावर ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात उंच म्हणजे मासळीचे दोन क्रेट, एकावर एक.

धाकूने घासाघीस न करता किंमत मान्य केली. हा पहिला संशय. प्रोफाइलच्या फोटोत माणसाऐवजी होडी होती, हा दुसरा. त्याने प्लास्टरचा फोटो पाठवला, तेव्हा परुळेकरांनी दाखवून दिलं की फोटोत नुसता पाय आहे, तो कोणाचा हे सिद्ध होत नाही. व्हिडिओ कॉल झाला तेव्हा धाकू बोटीवर होता आणि मागे पाणी हलत होतं, म्हणून 'पत्ता स्थिर नाही' असा शेरा पडला. यात नऊ दिवस गेले. मधे एकदा वरचा क्रेट सरकला आणि पाय खाली आपटला. धाकूने तसं कळवलं. परुळेकरांनी उत्तर पाठवलं, 'नोंद घेतली.'

दहाव्या दिवशी धाकू आईला रिक्षात आडवी बसवून हाटकेशला घेऊन आला. त्याने आणि त्याच्या मेहुण्याने तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून लिफ्टने चौथ्या मजल्यावर आणलं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी तिचा चेहरा पांढरा पडला होता. उर्मिलावहिनी, म्हणजे परुळेकरांची बायको, पाणी घेऊन धावल्या. परुळेकरांनी आधार कार्डाशी चेहरा ताडून पाहिला आणि चाचणीसाठी अर्धा तास मंजूर केला.

इंदूबाईंना खाटेवर ठेवलं. परुळेकरांनी हँडल फिरवून पायाकडची बाजू स्वतः वर केली. दहा दिवसांत पहिल्यांदाच कळ थांबली असावी, कारण बाई दोन मिनिटांत झोपल्या. त्याच दहाव्या कलमाप्रमाणे रुग्णाने 'समाधानी' अशी सही करायची होती. झोपलेल्या रुग्णाबाबत कार्यपद्धती मौन बाळगून होती. तीन तासांनी बाई जाग्या झाल्या तेव्हा लिफ्ट बंद पडलेली होती. पार्ट मागवावा लागणार होता. जिन्याने उचलून नेतो, असं धाकू म्हणाला.

इंदूबाईंनी परुळेकरांकडे पाहिलं. "माजा पाय बगायचा व्हता ना तुला? आता बग रोज. मी हलनार न्हाय."

परुळेकरांनी मुक्काम मंजूर केला. आपल्या जागेतून जखमीला हलवताना काही झालं तर दावा आपल्यावर येतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? शिवाय वहिनींनी तोवर तांदूळ वाढवून टाकला होता.

बाई पाच आठवडे राहिल्या. धाकू एक दिवसाआड बोंबील घेऊन यायचा आणि परुळेकर दरवेळी त्याचं ओळखपत्र बघायचे. वहिनींच्या सासूबाई गेल्यापासून त्या घरात दुपारी आवाज नसायचा. आता वहिनींचं हसू माझ्या हॉलमध्ये ऐकू यायचं. प्लास्टर निघाल्यावर खुद्द परुळेकर इंदूबाईंचा हात धरून त्यांना पॅसेजमध्ये चालवताना दिसले. मी पाहतोय हे कळताच म्हणाले, "पुरावा म्हणून पावलं मोजतोय."

लिफ्ट सुरू झाली आणि इंदूबाई आपल्या पायांनी खाली उतरल्या. आता खाट नको, पण इतक्या दिवसांचं भाडं देतो, असं धाकू म्हणाला. भाड्याचं कलम नसल्यामुळे परुळेकरांनी ते नाकारलं. वहिनी आता दर रविवारी बसने चौकला जातात. तिथे त्यांना कोणी आधार कार्ड मागत नाही.

परुळेकरांचा निष्कर्ष स्पष्ट आहे: खरेदीदाराने माल पाच आठवडे फुकट वापरला आणि सौदा मोडला. त्यांनी पंधरावं कलम जोडलं, 'रुग्णाला घरात घेऊ नये, पडताळणी जिन्यातच करावी', आणि सगळी हकिगत, क्रेट सरकल्याच्या तारखेसकट, मीरा-भाईंदरच्या अकरा ग्रुपवर टाकली. दोनशे नऊ लोकांनी अंगठा दिला. सतरा जणांनी पीडीएफ मागितली. एकाने त्या बाईंचा पाय आता कसा आहे असं विचारलं. विषयाला सोडून असल्यामुळे अ‍ॅडमिनने तो मेसेज काढून टाकला.

अंगठा देणाऱ्यांची यादी मी सवडीने वाचली. तुम्ही उगाच ग्रुपमध्ये वर जाऊन शोधू नका. तुमचं नाव आहे.