कासवाच्या पेढीत मोती सुखरूप दाखल जाहले त्याची हकिकत

पुढील पिढ्यांस ठाऊक असावे की, लढाया माळरानावरच होतात ऐसे नाही. घरातील बैठकीच्या खोलीतही होतात, आणि तेथे पळून जाण्यास जागा फार थोडी असते. ऐशीच एक मोहीम चौथ्या मजल्यावरील घरी, टीव्हीसमोरील लांब सोफ्यावर घडली. ती जैशी घडली तैशी, कोणाची भीड न धरिता आणि कोणाचे मीठ न खाता, केवळ दोन वेळचा चहा घेऊन, येथे नमूद करितो.

त्या घरी राज्य पतिपत्नी उभयतांचे. पती श्रीमंत जावईबापू, बँकेत ठेवींच्या खिडकीवर अधिकारी. लोकांनी आपला पैसा आपणाजवळ न ठेविता आम्हांजवळ ठेवावा, हे समजाविण्यात त्यांची उमर चालली होती. पत्नी सौभाग्यवती बाईसाहेब, दंतवैद्य. समोरचा मनुष्य तोंड उघडे टाकून बसला आहे आणि उत्तर देऊ शकत नाही, ऐशा दरबाराची त्यांस सवय. त्यामुळे घरीही त्या प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत नसत. आणि त्या घरी नव्याने दाखल जाहल्या बाईसाहेबांच्या मातुश्री, म्हणजे जावईबापूंच्या सासूबाई. यांनी अवघी नोकरी पाणीखात्यात नळांचे नकाशे काढण्यात घालविली होती. रस्ते खणणाऱ्या टोळ्यांवर उभे राहून, यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून, हुकूम दिले होते. आता निवृत्त होऊन गुडघा बदलून घेतला, आणि स्वतःच्या घरास लिफ्ट नव्हती म्हणोन लेकीच्या घरी मुक्कामास आल्या.

सासूबाई आणि जावईबापू यांजमध्ये वैर नव्हते. परंतु सलोखाही नव्हता. लग्नास बहुत वर्षे लोटली तरी उभयतांचे भाषण एकच होते. जावईबापूंनी पुसावे, “आई, बरं आहे ना?” त्यांनी म्हणावे, “बरं आहे, जावईबापू. आपलं?” यांनी म्हणावे, “बरं आहे.” येथे विषय खलास होत असे. मग जावईबापू मोबाईल चार्जिंगला लावण्याचे निमित्त करोन आतल्या खोलीत कूच करीत, आणि मोबाईल आधीच भरलेला असे.

ऐशात एका सुटीच्या दुपारी जावईबापू आपला आवडता खेळ टीव्हीवर लावून बसले. त्या खेळाची रीत ऐशी की, एक प्रवासी असतो. त्याने डोंगर, दऱ्या, खाड्या ऐसा अनोळखी मुलुख हिंडावा, वाटेत मोती वेचावे, बटव्यात टाकावे आणि त्या मोत्यांवर आपला सरंजाम वाढवावा. जावईबापू बराच काळ हिंडले. सासूबाई पलीकडे पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या, त्यांस राहवेना.

“जावईबापू, राग मानू नका. पण आपण त्याच झऱ्यापाशी परत आलात.”

“नाही हो आई, हा दुसरा झरा आहे.”

“तोच आहे. मघाशीही त्या वाकड्या झाडाला धडकलात.”

खरोखरीच तो झरा तोच होता. जावईबापूंस दिशेचे ज्ञान मुळीच नसे. आपली गाडी कोठे लाविली हे शोधण्यास ते पार्किंगमध्ये फेऱ्या घालीत. त्यांनी निमूट कंट्रोलर सासूबाईंच्या हाती दिला. आणि त्या दिवसापासून, लेक दात उपटण्यास व जावई ठेवी गोळा करण्यास गेले की, मातुश्रींनी तो मुलुख पायाखाली घालावा, ऐसा शिरस्ता पडला. उभयतांचा प्रवासी एक, बटवा एक, म्हणोन खजिनाही सामाईक जाहला. संध्याकाळी जावईबापू आले की बोलण्यास विषय मिळे. “आज दलदलीपर्यंत गेले,” ऐसे त्या सांगत, आणि मोबाईल रिकामा राहू लागला.

त्या मुलुखात एक दीपगृह होते, त्यावरून उत्तरेस एक हिरवे बेट दिसे. तेथे जाण्यास गलबत लागे, आणि गलबत महाग. सासूबाईंनी ठरविले की आपले घरी परतणे होण्याआधी ते बेट पाहावयाचेच. जावईबापूंनी रुकार दिला. मग मोती साठू लागले, आणि जेथे साठा आला तेथे मसलत आली, आणि मसलतीमागून कलागत.

कारण त्या खेळाचा कायदा क्रूर होता. प्रवासी मेला तर बटवा तेथेच पडे. पुन्हा जिवंत होऊन, चालत जाऊन तो उचलावा. परंतु वाटेत दुसऱ्यांदा मेला तर बटवा कायमचा गडप. याजवर उपाय म्हणोन बंदरात एका वृद्ध कासवाची पेढी होती. तेथे मोती ठेविले की त्यांस मरणाचे भय नाही. मात्र कासव दहांत एक मोती आपल्या मेहनतान्याचा काढून घेई.

“मोती आपले, आणि वर त्यालाच द्यायचे?” सासूबाई बोलिल्या. “हे कुठलं कासव?”

जावईबापूंनी सुरक्षिततेचे महत्त्व विशद केले. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि छावणीपाशी मडके पुरून त्यात मोती ठेविले. कोल्ह्यांनी मडके उकरून फोडले. मग त्यांनी मोती देऊन कंदील विकत घेतले, कारण मेल्या प्रवाशाचे मोती जातात परंतु सामान जात नाही, हे त्यांनी हेरले होते. छावणी कंदिलांनी ऐशी भरली की प्रवाशास निजण्यास जागा उरेना. आणि विकावयास गेल्यावर व्यापाऱ्याने निम्मी किंमत देऊ केली. जावईबापू गालात हसले, आणि तेच बाधले. सासूबाईंनी तेथल्या तेथे निर्धार केला की आजपासून सारे मोती अंगावरच वागवावयाचे. जवळचा पैसा तो आपला, बाकी लोकांचा.

पुढे एका संध्याकाळी सासूबाई एका बर्फाच्या गुहेत, खूप आत, अरुंद कड्यावरून चालल्या होत्या. बटवा गच्च. गलबतास पुरून उरेल इतुके मोती. त्याच समयी जावईबापू बँकेतून परतले, खांद्यावरील पिशवीही न उतरविता त्यांनी पडद्यावर नजर टाकिली आणि गच्च बटवा पाहताच ते ओरडले.

“आई, एवढं सगळं अंगावर घेऊन? अहो, म्हणूनच मी म्हणतो, ठेव ही—”

सासूबाईंनी उत्तर देण्यास मान वळविली. अंगठा तसाच पुढे दाबलेला राहिला. प्रवासी कड्यावरून चालत चालत हवेत गेला.

मग मातुश्रींनी कंट्रोलर मेजावर ठेविला, काठी घेतली आणि आपल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी आपटिले नाही. हळूच लाविले, आणि ते अधिक वाईट.

तेथोन घरात शीतयुद्ध मांडले. सासूबाईंचे म्हणणे, जिभेने घात केला. जावईबापूंचे म्हणणे, बटव्याने घात केला. परंतु हे दोघांनीही एकमेकांस सांगितले नाही. दोघांनीही बाईसाहेबांस सांगितले. बाईसाहेबांनी दोन्ही कैफियती ऐकून फर्मान काढिले की, “मी दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावते. घरी आल्यावर तुमची तोंडं पाहायला मला वेळ नाही. तुमचं तुम्ही मिटवा.” मग पुनरपि “बरं आहे ना” आणि “बरं आहे” सुरू जाहले, आणि मोबाईल पुन्हा चार्जिंगला लागला. त्यात सासूबाईंनी परतण्याची गोष्ट काढिली. गुडघा बरा आहे, येत्या आठवड्यात जाईन, जिने हळूहळू चढेन, म्हणाल्या.

हे ऐकून जावईबापूंस वाईट वाटले. बँकेत समोर ग्राहक उभे असता त्यांचे लक्ष त्या गुहेत लागू लागले. आणि सुटीचा दिवस उजाडताच, न्याहारीनंतर, ते सासूबाईंच्या दारी उभे राहिले.

“आई, बटवा अजून तिथेच पडलाय. मी जाऊन आणणार होतो. पण मला वाट सापडायची नाही.”

सासूबाईंनी खिडकीकडचे तोंड वळविले. मग म्हणाल्या, “मला वाट ठाऊक आहे. पण ते बर्फावरचं उड्या मारणं माझ्या बोटांना आता जमत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा दिवस लागला होता.”

येणेप्रमाणे सलूख जाहला. कंट्रोलर जावईबापूंच्या हाती, वाट सासूबाईंच्या मुखी. सोफ्यावर उभयता शेजारी बसले, मध्ये एक उशी सरहद्दीसारखी ठेविली, आणि प्रवासी, रिकाम्या अंगाने, गुहेकडे रवाना जाहला.

गुहेच्या तोंडाशी लांडग्यांनी गाठले. सासूबाईंस चोरवाट ठाऊक होती. त्या बोलिल्या, “जावईबापू, आपल्याला अडचण नसेल तर पुढच्या खडकापाशी आपण जरा डावीकडे वळून—” परंतु इतुकी अदब उरकेपर्यंत खडक मागे पडला होता. लांडग्याने लचका तोडिला आणि प्रवाशाचे निम्मे प्राण गेले. पुढे बर्फाचा पूल आला. “जावईबापू, आता आपण कृपा करून थांबा” हे वाक्य “थांबा” या शब्दापर्यंत पोहोचण्याआधीच पूल तुटला. प्रवासी खालच्या कपारीवर आदळला. प्राण राईएवढा उरला. आता एक ठेच, आणि सारे मोती कायमचे बुडाले असते. आणि सासूबाईंची पिशवी तर आतल्या खोलीत भरून तयार होती.

जावईबापूंनी खेळ थांबविला आणि तळहाताचा घाम पुसला.

“आई, एवढं लांबलचक नको. वेळ पुरत नाही.”

“मग काय म्हणू?”

“काहीही म्हणा. फक्त लवकर म्हणा.”

सासूबाईंनी पाय उशीवरून खाली घेतला, पाठ ताठ केली, आणि जो आवाज रस्ते खणणाऱ्या टोळ्यांवर चाले, जो या घरी आजवर कोणी ऐकला नव्हता, तो बाहेर काढिला.

“चल. सरळ. सरळ जा. आता उडी. डावीकडे. अरे डावीकडे, गाढवा. डावा हात कुठला तेही सांगू का?”

स्वयंपाकघरात बाईसाहेब भांडी विसळीत होत्या. त्या ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरी जावयास अहो-जाहो वाचून कोणी हाक मारिली नव्हती. जावयाच्या पाठीमागेही त्यास मानानेच संबोधीत. त्या माहेरच्या मुख्य स्त्रीने जावयास गाढव म्हणावे, हे ऐकून त्यांस वाटले आता घरात आकांत होणार. त्यांनी पतीकडे पाहिले. पतीस तेथे कोणी उभे आहे याचीही खबर नव्हती.

“जातोय ना. ओरडू नकोस, आई, हात हलतो माझा.”

“हलू दे. खाली बघू नकोस. थांब. आता थांब. लांडगा जाऊ दे. गेला. पळ.”

“इथून?”

“तिथून नाही, बावळटा. त्या निळ्या भेगेतून. मी तिथूनच पडले होते.”

आणि प्रवासी निळ्या भेगेतून घसरत खाली गेला, आणि तळाशी बर्फात बटवा चमकत होता, आणि जावईबापूंनी तो उचलिला. मधली उशी केव्हाच खाली पडली होती, ती कोणी उचलिली नाही. बाईसाहेब हात पुसत आत गेल्या, आणि पाठमोऱ्या असता त्यांचे खांदे हसण्याने हलत होते, ऐसे या लेखकाने पाहिले.

परतीच्या वाटेवर कोणती पेढी, कोणते मडके, ही चर्चा निघालीच नाही. सासूबाईंनीच हुकूम केला, “आता सरळ त्या कासवाकडे चल.” जावईबापूंच्या जिभेवर सुरक्षिततेचे अवघे व्याख्यान तयार होते. ते त्यांनी गिळिले. ठेवींच्या खिडकीवरील मनुष्याने ऐसे केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस सापडत नाही. कासवाने आपल्या सवडीने मोती मोजिले आणि आपला वाटा काढून घेतला.

“घेऊ दे मेल्याला,” सासूबाई म्हणाल्या. “ती गुहा तर सगळंच घेऊन बसली होती.”

कासवाचा वाटा गेल्यावर पाहतात तो गलबतास थोडके मोती कमी पडले. तेव्हा सासूबाईंनी जाहीर केले की, गुडघा अजून पुरता वळत नाही, घाई करणे बरे नव्हे. बाईसाहेबांनी सकाळीच व्यायाम करविताना तो गुडघा पुरता वळताना पाहिला होता. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन आईची भरलेली पिशवी रिकामी केली आणि कपडे कपाटात लाविले.

संध्याकाळी तिघेही जेवावयास बसली. लढाईचा आवेश ओसरला होता, आणि सासूबाईंस आपल्या तोंडून काय काय निघाले ते आठवून संकोच वाटत होता. त्यांनी जुन्या शिरस्त्याने हाक मारिली, “जावईबापू, जरा पाणी देता का आपण?” जावईबापू जेवीत राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा म्हटले, “जावईबापू.” ते ताटातच पाहत राहिले. बाईसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले.

“अरे, पाणी दे ना,” सासूबाई म्हणाल्या.

“हे घे, आई,” ऐसे म्हणोन ते तत्काळ उठिले, आणि पेला काठोकाठ भरिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मोती कासवाच्या पेढीत सुखरूप आहेत. ‘जावईबापू’ ही पदवी त्या सायंकाळपासून खालसा करण्यात आली, आणि तिच्या जागी गुहेत डावीकडे वळताना जी पदवी बहाल जाहली, ती धारण करणारे बँकेत कोणासही सांगत नाहीत, परंतु घरी त्या हाकेस पहिल्या खेपेसच ओ देतात, हे येथे दप्तरी नोंदविले असे.