कोबीचा गड्डा आणि अर्धं संत्रं

एका जंगलात, बाळांनो, सगुणा नावाची धनेशीण झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून बसली होती. घाबरू नका, तिला शिक्षा झाली नव्हती. धनेशांत बाळंतपण असंच असतं. मादी ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपते, चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात. मग उडायचं नाव नाही. पिल्लं सांभाळायची आणि नवरा आणील ते खायचं.

सगुणेचा नवरा दामोदर तसा मुखदुर्बळ. दिवसातून दहा खेपा करायचा, फटीतून उंबरं द्यायचा आणि म्हणायचा, “घे गं.”

“आणलंत?” ती म्हणायची. एवढाच त्यांचा संवाद. सगुणेला त्यात कधी काही कमी वाटलं नव्हतं.

मग जंगलात एक पोपट आला. तो शहरात अकरा वर्षं पिंजऱ्यात एकटा राहिलेला होता, त्यामुळे त्याला संसारातलं सगळं कळत होतं. त्याने नवऱ्यांसाठी वर्ग काढला.

“सुधारलेल्या मुलखांत कोणी बायकोला ‘घे गं’ म्हणत नाही,” पोपट म्हणाला. “फ्रान्सात म्हणतात, माझ्या कोबीच्या गड्ड्या! स्पेनात म्हणतात, माझं अर्धं संत्रं!”

नर भारावले. रानडुकराचे डोळे पाणावले. दामोदर पुढच्या फांदीवर बसून घोकू लागला.

त्या दिवशी खेपा चारच झाल्या. पाचवीला तो रिकाम्या चोचीने आला.

“माझ्या कोबीच्या गड्ड्या!”

“कुठाय?” सगुणेने फटीतून चोच काढली. आत दोन्ही पिल्लांनी आ वासला.

“अगं, खायचा नव्हे. गड्डा म्हणजे तू.”

दुसऱ्या दिवशी संत्रं आलं.

“अर्धं तर अर्धं. द्या आत,” सगुणा म्हणाली.

“तुला भावनाच नाहीत,” दामोदर म्हणाला, आणि वर्गाला उशीर होतो म्हणून उडून गेला.

तिसऱ्या दिवशी अरबांची पाळी होती. “तूच मला मातीत पुरावंस!” दामोदर गहिवरून म्हणाला. “म्हणजे, तुझ्यामागे मला एक दिवसही जगायचं नाही.”

“मग आधी मला जगवा. काल दोन उंबरं दिलीत, तीही हिरवी. धाकटा सकाळपासून चोच उघडत नाहीये हो!”

“बघ! मी प्रेमाचं बोलतोय आणि तू उंबरांचं.”

चौथ्या दिवशी ‘आदर्श प्रेमळ पती’ निवडायला अख्खा वर्ग सहकुटुंब ढोलीपाशी जमला. दामोदरने सात भाषांत हाका मारल्या. माकडिणी हुंदके देत नवऱ्यांना म्हणाल्या, “शिका जरा!” पोपटाने दामोदरच्या गळ्यात हार घातला. पिकल्या उंबरांचा.

फटीतून सगुणेला हार दिसला. तिने धाकट्याकडे पाहिलं. त्याची मान लुळी पडली होती. ती आतून लिंपण फोडू लागली. चिखल दगडासारखा वाळला होता. चोचीतून रक्त आलं. शेवटी ती बाहेर पडली. शेपूट नाही, पंखांना धड पिसं नाहीत, हाडं मोजून घ्यावीत.

“एवढं नशीब काढूनही ही अशी?” माकडिणी कुजबुजल्या.

फांदीवरून सरकत ती दामोदरपाशी गेली. त्याला वाटलं, आता बिलगणार. त्याने मान पुढे केली. तिने हार हिसकून घेतला.

“निदान एक शब्द तरी बोल!” दामोदर कळवळला. “सगळे बघतायत!”

आयुष्यात पहिल्यांदा सगुणेने ‘अहो’ सोडलं.

“मुडद्या!” ती म्हणाली. मग हार चोचीत धरून ढोलीत शिरली आणि धाकट्याच्या घशात एकेक उंबर कोंबू लागली. दोन बाहेर पडली. तिसरं त्याने गिळलं.



“वा!” पोपट ओरडला. “अस्सल मायबोलीतलं! केवढी जवळीक! लिहून घ्या!”

संध्याकाळपर्यंत जंगलातली प्रत्येक बायको नवऱ्याला मुडद्या म्हणत होती आणि नवरे लाजून ओ देत होते. दामोदरचा ऊर भरून आला. त्याला वर्गाचा उपाध्यक्ष केलं.

सगुणा बिनपिसांची, फांद्याफांद्यांवरून सरपटत पिल्लांसाठी उंबरं आणत राहिली. तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. संध्याकाळी वर्ग असायचा.

तात्पर्य : मुलांनो, नुसती उंबरं आणणाऱ्या नवऱ्याला जंगलात कोणी हार घालत नाही. तेव्हा मोठेपणी आधी गोड नावं पाठ करा. उंबरं आणायला बायको आहेच.